शब्दचर्चा: विमानाच्या वायरिंगमधला ‘अर्थ’

नमस्कार मंडळी,

छोट्या विमानांची देखभाल हे माझं काम, त्यातही बहुतेक वेळा सेस्ना १७२. हँगरमध्ये नव्याने येणाऱ्या मुलामुलींसाठी मी वीजयंत्रणेची टिपणं मराठीत लिहितोय. मॅन्युअल इंग्रजीतूनच वाचायचं, नोंदही इंग्रजीतच करायची, त्याबद्दल तक्रार नाही. पण डोक्यात उजेड पडतो तो मराठीत, हे मी रोज बघतो. ‘ग्राउंड’ या एका शब्दापाशी मात्र आठवडाभर गाडी अडली आहे.

पुस्तकी शब्द ‘भूसंपर्कन’. हँगरमध्ये आम्ही सगळे इंग्रजी earthवरून ‘अर्थ’ म्हणतो. दोन्हींत जमीन आहे, आणि सात हजार फुटांवर जमीन कुठून आणायची? सेस्नाच्या २४ व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह बाजू विमानाच्या अॅल्युमिनियमच्या सांगाड्याला जोडलेली असते. दिवा, रेडिओ, फ्लॅपची मोटर, कशालाही वीज जाते ती तारेतून, आणि परत येते ती सांगाड्यातून. या परतीच्या वाटेला मॅन्युअल ‘ग्राउंड’ म्हणतं.

आता ‘अर्थ तुटला’ हे वाक्य तीन ठिकाणी लावून बघा. घरी मिक्सरचा अर्थ तुटला तर मिक्सर चालूच राहतो, धोका असतो तो आपल्याला शॉक बसण्याचा. विमानाच्या लँडिंग लाइटचा अर्थ तुटला तर दिवा लागतच नाही, आणि नुसता सैल झाला तर मिणमिणतो. मॅग्नेटोचा, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्राचा, अर्थ तुटला तर मॅग्नेटो बंदच होत नाही! मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः तयार करतो, बॅटरीशी त्याचा संबंध नाही. चावी ‘ऑफ’ला नेली की पी-लीड नावाची तार त्याला सांगाड्याशी जोडते आणि ठिणगी थांबते. ती तार तुटली तर चावी खिशात असली तरी मॅग्नेटो जिवंत.

मागे एका शिकाऊ मुलाला मी म्हणालो, “डाव्या मॅगचा अर्थ गेलाय.” त्याने मान डोलावली आणि फडकं घेऊन प्रॉपेलरचं पातं पुसायला गेला. पातं हाताने फिरवणार तेवढ्यात मी ओरडलो; मॅग्नेटो जिवंत असेल तर तेवढ्या फिरवण्यानेही इंजिन सुरू होऊ शकतं. चावी काढलेली होती, त्यामुळे तो निर्धास्त होता. त्याच्या डोक्यात घरचा अर्थ होता, आणि तो शब्द त्याला मीच दिला होता. तेव्हापासून हे मनात सलतंय. तुम्ही काय म्हणाल?

प्रतिसाद

दादा, आमच्या वडिलांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. तिथे शब्द एकच, ‘बॉडी’. “निगेटिव्ह बॉडीला दे”, “बॉडी नीट मिळत नाही, रंग खरवड”. अर्थही म्हणायचे, पण गिऱ्हाइकाला समजावताना बॉडीच. जुन्या मॅग्नेटोच्या दुचाक्यांत तुम्ही म्हणता तेच व्हायचं: स्विचची तार निघाली की गाडी बंद होईना. त्याला बाबा “तार बॉडीला टेकत नाही” म्हणत. ‘टेकणे’ हे क्रियापद घ्याच.

प्रतिसाद

मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवत असे. ‘भूसंपर्कन’ला सरसकट बाद करू नका, जिथे खरोखर जमिनीशी जोड आहे तिथे तो बरोबर आहे. घोळ इंग्रजीतूनच आलाय. ब्रिटिश ‘अर्थ’ म्हणतात, अमेरिकन ‘ग्राउंड’. आपल्या घरातलं वायरिंग पहिल्यांकडून आलं, तुमची विमानं आणि त्यांची मॅन्युअलं दुसऱ्यांकडून. परतीच्या वाटेसाठी ‘परतमार्ग’ कसा वाटतो? आणि बॉन्डिंगला, म्हणजे धातूचे सुटे भाग एकमेकांना तारेने जोडण्याला, काय म्हणता?

मूळ लेखक

ताई, ‘टेकणे’ लगेच उचललं. सर, ‘परतमार्ग’ वर्गात चालेल, हँगरमध्ये कुणाच्या तोंडी बसेल असं वाटत नाही. ‘बॉडी’ बसेल. फक्त एक अडचण आहे. डायमंडसारख्या विमानांचा सांगाडा फायबरचा असतो, त्यातून वीज परत येत नाही. तिथे परतीसाठी वेगळ्या तारा टाकाव्या लागतात. तिथे ‘बॉडीला दे’ म्हटलं तर नवा मुलगा फायबरला स्क्रू मारून मोकळा होईल. म्हणून फायबरच्या विमानापुरतं ‘परतीची तार’ लिहीन.

बॉन्डिंगबद्दल विचारलंत ते बरं केलंत. एलेरॉन, फ्लॅप, रडर हे भाग बिजागरीवर हलतात. बिजागरीत ग्रीस आणि मळ असतो, म्हणून शेजारून विणलेल्या तारेची लवचिक पट्टी जोडतात. सगळ्या भागांवरचा विद्युतभार सारखा राहतो आणि रेडिओत खरखर येत नाही. पट्टी दिसायला शाबूत असते, पण तिच्या टोकाखाली अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर धरतो. तो डोळ्याला जेमतेम दिसतो, पण वीज अडवतो. धातू चकचकीत होईपर्यंत घासून लगेच पट्टी कसायची, वरून संरक्षक लेप द्यायचा आणि मिलिओहम मीटर लावायचा. सर्वसाधारण मर्यादा ०.००३ ओहम. हँगरमध्ये या पट्टीला ‘जंपर’ म्हणतात. मी ‘सांधपट्टी’ लिहून पाहिलं. मुलांना न सांगता कळलं.

प्रतिसाद

मी उड्डाण शिकवते. तुमच्या मॅग्नेटोत आमच्या बाजूचाही एक शब्द अडतो, ‘ड्रॉप’. सेस्ना १७२ एसवर उड्डाणाआधी १८०० आरपीएमला इंजिनाच्या दोन मॅग्नेटोंपैकी एकेक बंद करून बघतो. फेरे थोडे पडायलाच हवेत, १५०पेक्षा जास्त मात्र नकोत. विद्यार्थी ‘ड्रॉप’ म्हणजे बिघाड समजतात. काटा जराही हलला नाही की खूश होऊन सांगतात, “मॅम, झिरो ड्रॉप!” खरं तर तेव्हाच शंका घ्यायची, की बंद केलेला मॅग्नेटो बंद झालाच नसेल. मी आता ‘फेऱ्यांची उतरण’ म्हणते. उतरण असायचीच, किती आहे ते बघायचं, हे त्या शब्दातच येतं.

मूळ लेखक

मॅडम, ‘उतरण’ फार चांगला आहे, घेतो. ‘अर्थ’ हा शब्द टिपणांत आता एकाच जागी उरला आहे: हँगरच्या फरशीतल्या अर्थ पॉइंटला विमान तारेने जोडतो तिथे. इंधन भरताना बाऊझर (इंधनाचा टँकर) आणि विमान यांच्यात तार लावतो त्याला तेवढ्यासाठी ‘सांधतार’, कारण दोघांचा भार सारखा करणं हे तिचं काम, आणि ती टाकीचं झाकण उघडायच्या आधी लागली पाहिजे.

मॅग्नेटोचं वाक्य काल रात्री असं लिहिलं: “पी-लीड बॉडीला टेकली की मॅग्नेटो गप्प. टेकली नाही तर चावी कुठेही असो, तो जागा आहे. प्रॉपेलरला हात लावू नका.” आज सकाळी त्याच मुलाला वाचायला दिलं. वाचून तो आधी प्रॉपेलरपासून दोन पावलं मागे सरला, मग म्हणाला, “सर, ‘कुठेही असो’च्या जागी ‘खिशात असली तरी’ लिहा.” तसं केलं आहे.