मदत हवी आहे: वादविवाद मंडळाची निवड चाचणी, पंधरा मिनिटांत तयारी कशी करायची?

खाडीपलीकडची:

नमस्कार. मी रत्नागिरीत शिकते, यंदा पहिल्या वर्षाला. गाव जयगडच्या बाजूला. आमच्याकडे विद्यार्थ्यांचं वादविवाद मंडळ आहे आणि नव्या मुलांची निवड चाचणी पुढच्या आठवड्यात आहे. नाव दिलंय आणि आता पोटात गोळा आलाय, म्हणून हा धागा.

शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धांना जायचे. विषय कितीतरी आधी कळायचा, बाई भाषण लिहून द्यायच्या, मी घडाघडा पाठ करायचे. सुरुवातीला चारोळी, शेवटी चारोळी, मध्ये टिळक आणि सावित्रीबाई. पहिली घंटा झाली की ‘जाता जाता एवढंच म्हणेन’. बक्षिसं मिळालीत, त्यामुळे माईकची भीती नाही. पण हे मंडळ ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धतीने खेळतं. विषय तिथेच सांगतात, पंधरा मिनिटं देतात, बाजू चिठ्ठी टाकून ठरते. मोबाईल बंद, जवळ फक्त कागद-पेन.

माझी पहिली अडचण ही की पंधरा मिनिटांत नक्की लिहायचं काय? पूर्ण भाषण तर होणार नाही.

दुसरी जरा घरगुती आहे. बाबांची छोटी होडी आहे. सीनियर मुली सांगतात की इथे पर्ससीन (मोठ्या बोटी घेराच्या जाळ्याने करतात ती मासेमारी), जैतापूर, रिफायनरी असले विषय हमखास पडतात. समजा पर्ससीनचा विषय आला आणि चिठ्ठीत मला पर्ससीनवाल्यांची बाजू निघाली, तर? घरी रोज जे ऐकते त्याच्या उलट सात मिनिटं बोलायचं? तोंडातून शब्द फुटेल का तेच कळत नाही.

शिवाय इंग्रजी. चाचणी मराठीतून देता येते, पण बाहेरच्या स्पर्धा बहुतेक इंग्रजीत असतात म्हणे. आणि सराव संध्याकाळी उशिरापर्यंत चालतो, आमची गाडी त्याआधी सुटते. भाऊ म्हणतो, भांडायला कॉलेजात कशाला जायला हवं, घरी काय कमी भांडतेस?

कोणी या पद्धतीने बोललं असेल तर सांगा. चिडवलंत तरी चालेल.

तिसरी घंटा:

अभिनंदन, नाव दिलंस हेच मोठं काम. मी कॉलेजात असताना चार वर्षं हेच केलं, नंतर परीक्षक म्हणूनही बसलो.

आधी मांडणी समजून घे. एका फेरीत चार संघ, प्रत्येकात दोघे. दोन संघ सरकार पक्षाचे, म्हणजे ठरावाच्या बाजूचे, दोन विरोधी पक्षाचे. एकाच बाजूचे दोन संघ मित्र नसतात, तेही एकमेकांशी स्पर्धा करतात. चौघांना क्रम लागतो आणि 3, 2, 1, 0 असे गुण मिळतात. प्रत्येकाला सात मिनिटं. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मधल्या पाच मिनिटांत समोरचा प्रश्न विचारायला हात वर करून उभा राहू शकतो, त्याला पॉइंट ऑफ इन्फर्मेशन म्हणतात. घ्यायचा की ‘नको, बसा’ म्हणायचं हे तू ठरवायचं. सात मिनिटांत एकही घेतला नाहीस तर घाबरलीस असा अर्थ निघतो. एखाद-दुसरा घे आणि तुझा मुद्दा मांडून झाल्यावर घे. अर्ध्या वाक्यात घेतलास की धागा हातातून सुटतो.

आता पंधरा मिनिटं. नवी मुलं पहिल्याच मिनिटाला भाषण लिहायला घेतात आणि सुरुवातीचं अर्धं पान रंगवून बसतात. तू लिहू नकोस, आधी विचार कर. पहिली पाच मिनिटं फक्त एवढंच: या विषयाने कोणाकोणाचं काय बदलतं? माणसं लिही. मच्छीमार असं लिहू नकोस. छोट्या होडीवाला, मोठ्या बोटीचा मालक, तिच्यावरचा नेपाळी खलाशी, मासे विकणारी बाई, मासे विकत घेणारी बाई, असं लिही. नावं सुटी केलीस की भांडण कुठे आहे ते आपोआप दिसतं. मग त्यातले दोन मुद्दे निवड. तीन निवडशील तर तिन्ही अर्धवट राहतील. प्रत्येक मुद्द्याखाली स्वतःलाच विचार: हे खरं कशावरून, आणि खरं असलं तर त्याने एवढं काय बिघडतं? या दोन प्रश्नांची उत्तरं म्हणजेच तुझं भाषण. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत समोरचे काय म्हणतील ते एका ओळीत आणि आपलं पहिलं वाक्य.

पाठांतराची सवय वाईट नाही बरं का. रचना पाठ असणं कामाला येतं, मजकूर पाठ असणं येत नाही.

आणखी एक. परीक्षक जाणकार पण सामान्य नागरिक आहे असं धरून बोलायचं असतं. त्याला पर्ससीन म्हणजे काय हे ठाऊक असेलच असं नाही. थव्याभोवती जाळ्याची भिंत उभी करतात आणि बटव्याची नाडी ओढावी तसा खालून दोर ओढून तोंड बंद करतात, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. तुझ्या गावात हे शेंबडं पोरही सांगेल, वर्गातल्या चिपळूणच्या मुलाला येणार नाही.

भरतीओहोटी:

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. चिठ्ठीत निघेल ती बाजू तावातावाने मांडायची, हा प्रकार मला पटत नाही. वीस वर्षांच्या पोरांना सांगायचं की मत महत्त्वाचं नाही, मांडणी महत्त्वाची. मग तीच पोरं पुढे टीव्हीवर येऊन बसतात. आपल्याकडच्या जुन्या वक्तृत्व स्पर्धेत चारोळ्या जास्त होत्या हे कबूल, पण मुलगा जे बोलायचा ते त्याचं स्वतःचं असायचं (निदान त्याच्या बाईंचं तरी).

आणि लोक फरक करत नाहीत. 1933 साली ऑक्सफर्ड युनियन या विद्यार्थ्यांच्या वादविवाद मंडळात ‘हे सभागृह कोणत्याही परिस्थितीत राजा आणि देशासाठी लढणार नाही’ हा ठराव 275 विरुद्ध 153 मतांनी संमत झाला. केवढा गदारोळ उठला! एका संध्याकाळच्या वादविवादावरून अख्ख्या पिढीला भित्री ठरवून मोकळे झाले. इथे तर गाव लहान. मच्छीमाराची मुलगी पर्ससीनच्या बाजूने बोलली ही बातमी जेट्टीवर पोचायला किती वेळ लागेल?

तिसरी घंटा:

जेट्टीचा मुद्दा खरा आहे, तो टाळून चालणार नाही. पण उदाहरण दुसऱ्या प्रकारचं आहे. तिथे सभासदच मतदान करतात, त्यामुळे तो आकडा लोकांना मत वाटला. पार्लमेंटरी फेरीत मतदान नसतं. परीक्षक फक्त एवढंच बघतो की समोर आलेल्या युक्तिवादांपैकी कोणाचा टिकला.

मी तर म्हणेन, बाबांना आधीच सांगून टाक. बाहेरून कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळलेलं बरं. दुसरी बाजू काय म्हणते हे त्यांच्याइतकं चांगलं तुला कोणीच सांगू शकणार नाही, ते वर्षानुवर्षं त्याच लोकांशी वाद घालतायत.

वाटाणाउसळ:

इंग्रजीबद्दल मी सांगते, मी सावंतवाडीची, पूर्ण मराठी माध्यम. पहिल्या वर्षी इंग्रजी फेरीत उभी राहिले की मनात मराठी वाक्य, जिभेवर भाषांतर आणि घड्याळ पुढे. मग एका ताईने सांगितलं की कागदावरच मुद्दे मराठीत लिही, फक्त दहा-बारा नेहमीचे इंग्रजी शब्द घट्ट बसव. उच्चाराला गुण नसतात. वेगालाही नसतात, उलट भरभर बोललीस की परीक्षकाचं लिहून होत नाही आणि मुद्दा पडतो. बाहेरच्या मोठ्या स्पर्धांत इंग्रजी ज्यांची पहिली भाषा नाही त्यांच्यासाठी वेगळा गटही असतो, विद्यापीठांच्या जागतिक स्पर्धेतसुद्धा.

निवड नाही झाली तर मंडळ सोडू नकोस. परीक्षक म्हणून बस. स्पर्धेला जाताना संघांच्या हिशेबात परीक्षकही न्यावे लागतात आणि मंडळांना ते कधी पुरत नाहीत. मी वर्षभर परीक्षक होते, बोलायला शिकले ती तिथेच. आठ जणांची भाषणं टिपून घ्यायची आणि निकालाचं कारण सगळ्यांसमोर सांगायचं, यासारखी शिकवणी नाही.

आणि हो, व्हिप म्हणजे दोन्ही बाजूंच्या दुसऱ्या संघातला शेवटचा वक्ता, हे नाव ऐकून घाबरू नकोस. त्याने नवा मुद्दा आणायचा नसतो, झालेल्या भांडणाचा हिशेब मांडायचा असतो. भाऊ म्हणतो तशी तू खरंच भांडत असशील तर तुला तीच जागा जमेल.

आंबोळी:

गाडीचं बोल आधी. गो बाय, हे सगळं ज्ञान घेऊन रात्री स्टँडवर बसणार काय? मंडळाचे प्रभारी सर किंवा मॅडम असतील त्यांना भेट आणि तुझ्यासारख्या गाडीवाल्या मुली किती आहेत ते आधी मोजून जा. एकटीचं म्हणणं अडचण म्हणून ऐकतात, पाच जणींचं म्हटलं की वेळापत्रक बदलतं. आमच्या वेळी दुपारच्या सुट्टीत सराव लावून घेतला होता.

खाडीपलीकडची:

सगळ्यांचे खूप खूप आभार. गाडीच्या सात जणी निघाल्या! उद्या मॅडमना भेटतोय.

बाबांना सांगितलं. आधी काही बोलले नाहीत. मग जेवताना म्हणाले, त्या बाजूने बोलायचंच असेल तर नीट बोल, उगाच कच्चं बोलून हरू नकोस. मग काय, घड्याळ लावून पंधरा मिनिटांत हे लिहिलं. तिसरी घंटा दादा, झोडा.

विषय: या सभागृहाच्या मते राज्याच्या हद्दीत पर्ससीन मासेमारीवर पूर्ण बंदी घालावी. बाजू विरोधी, पहिली वक्ता.

‘आदरणीय अध्यक्ष महोदय, सन्माननीय परीक्षक आणि जमलेल्या माझ्या सुजाण मित्रमैत्रिणींनो. समुद्र सर्वांचा आहे हे सर्वांना माहीत आहे. पर्ससीनमुळे छोट्या मच्छीमाराचं नुकसान होतं हे आम्ही नाकारत नाही, पण पूर्ण बंदी हा उपाय नव्हे. एक, बंदी घातली तरी रात्री जाळी पडतातच. दोन, एकेका बोटीवर पंचवीस-तीस माणसं असतात, त्यांचं काय? तीन, बांगडा आणि तारली महाग होईल आणि गरिबाच्या ताटातला मासा जाईल. चार, बर्फाचा कारखाना मोठ्या बोटींवर चालतो, तो बंद पडला तर छोट्या होडीवाल्याने बर्फ कुठून आणायचा?’

तिसरी घंटा:

झोडतो.

‘आदरणीय’पासून ‘माहीत आहे’पर्यंत सगळं खोड. तिथे पंधरा-वीस सेकंद जातात आणि हाती काहीच लागत नाही. ‘नुकसान नाकारत नाही’ हे मात्र ठेव. ते कबूल केल्यामुळे समोरच्यांचा पहिला मुद्दा बोथट होतो.

पहिलं कारण तुझ्यावरच उलटेल. जाळी पडतातच म्हटलंस की सरकार पक्ष म्हणणार, मग गस्त वाढवू. 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातलेच होते, मासेमारीचा कायदा 1981 पासून आहे आणि 2021 मध्ये दंडही वाढवला. तेव्हा अंमलबजावणी का जमत नाही हे तुला सांगावं लागेल. शिवाय राज्याची हद्द 12 सागरी मैलांपर्यंत, त्यापलीकडे केंद्र. बोट एका रेघेवर उभी असते, ती कोणत्या बाजूला होती हे गस्तीवाल्याने रात्री कसं सिद्ध करायचं? हे बोललीस तर मुद्दा उभा राहतो.

दुसऱ्या कारणात तू विचारलंस, ‘त्यांचं काय?’ हा नुसता प्रश्न झाला, उत्तर तुलाच द्यायचंय. खलाशी हंगामावर येतो, घरी पैसे पाठवतो, बंदी आली की मालकाकडे निदान बोट उरते, याच्याकडे काय उरतं? तिसरं कारण सोड, वेळ पुरणार नाही.

आणि चौथं तू सगळ्यात शेवटी घाईघाईत टाकलंयस, ते पहिलं घे. बंदीने ज्याला वाचवायचं तोच छोटा होडीवाला त्याच बर्फावर, त्याच लिलावावर, त्याच माल उचलणाऱ्या गाडीवर जगतो. मोठ्या बोटी गेल्या की बंदराचा हा सगळा गाडा त्याच्या चार टोपल्यांवर चालणार आहे का? म्हणजे समोरच्यांच्याच माणसाचं नुकसान समोरच्यांच्या धोरणाने होतंय असं तू दाखवतेस. त्या खोलीत हे दुसऱ्या कोणाला सुचायचं नाही, कारण बर्फ कुठून येतो हे तुला रोजचं आहे.

मग पर्याय दे. नुसतं ‘बंदी नको’ म्हणणारा विरोधी पक्ष फार वेळ टिकत नाही. पूर्ण बंदीऐवजी दिवस आणि अंतर ठरवून द्या म्हण. तामिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये 12 मैलांपलीकडे आठवड्यातून दोनच दिवस, दिवसाउजेडी पर्ससीनला अंतरिम परवानगी दिली होती. तसा दाखला समोर ठेवलास की परीक्षकाला तुझा पर्याय हवेतला वाटणार नाही. त्यावर हात वर होईल की ‘दोन दिवस तरी कोण तपासणार?’ त्याचं उत्तर आजच तयार ठेव.

भरतीओहोटी:

बर्फाचा मुद्दा चांगला आहे. माझं मत तेच आहे, पण मुद्दा चांगला आहे.

खाडीपलीकडची:

बर्फाचं बाबांनीच सांगितलं होतं, वैतागून. ‘आता बर्फासाठी पण त्यांच्याच तोंडाकडे बघायचं’ म्हणाले होते.

दोन दिवस कोण तपासणार, याचं उत्तर: बंदरात. बोट समुद्रात शोधत बसण्यापेक्षा ठरलेल्या दिवसांखेरीज पर्ससीनचा माल उतरवूच द्यायचा नाही. चालेल?

तिसरी घंटा:

चालेल. ‘मग दुसऱ्या बंदरात उतरवतील’ असं कोणीतरी म्हणणार, त्याच्यासाठी एक वाक्य जोड.

आता दुसरा विषय घे, हा मुरला. ‘या सभागृहाच्या मते पावसाळी मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै ऐवजी 15 ऑगस्टपर्यंत वाढवावी.’ यावेळी सरकार पक्ष, दुसरी वक्ता. म्हणजे पहिल्याने काय मांडलंय ते तूच गृहीत धरायचं. घड्याळ लाव आणि उद्या इथे टाक. मॅडम काय म्हणाल्या तेही लिही.