"तटस्थ ख्रिस्ती" असं काही असतं का? मत्तय १२:३० आणि मार्क ९:४० एकत्र कसं वाचायचं?

पानगळ:
तरुणांच्या गटात 'पूर्ण समर्पण' या विषयावर एक तासाची चर्चा घ्यायची आहे. तीन ठिकाणी अडलंय.

१) मत्तय १२:३० मध्ये येशू म्हणतो, जो माझ्याबरोबर नाही तो माझ्याविरुद्ध. मार्क ९:४० मध्ये म्हणतो, जो आपल्याविरुद्ध नाही तो आपल्या बाजूचा. मग मधल्या माणसाला कुठे धरायचं?
२) प्रकटीकरण ३ मधला 'कोमट', म्हणजे लावदिकीया शहरातल्या मंडळीला (ख्रिस्ती समुदायाला) वापरलेला शब्द. थंड असतास तर बरं होतं, म्हणजे उघड विरोधक चालेल पण कुंपणावरचा नको, असा अर्थ घ्यायचा का?
३) ज्यांच्या मनात खऱ्या शंका आहेत ते तटस्थ म्हणायचे का? गटात असे दोघंतिघं आहेत, त्यांना कोपऱ्यात घेतल्यासारखं व्हायला नको.

तळटीप:
पहिल्याचं उत्तर संदर्भातच आहे. दोन्हीकडे विषय भुतं काढण्याचाच आहे, पण समोरचे लोक वेगळे. मत्तयात परूशी (यहूदी धर्मनिष्ठांचा एक पंथ) डोळ्यांदेखत बरा झालेला माणूस पाहतात आणि म्हणतात, हा भुतांचा अधिपती बालजबूल याच्या जोरावर करतो. तिथे येशू स्वतःबद्दल बोलतो. पुरावा समोर असताना 'आम्ही नुसतं बघतोय' ही जागा उरत नाही. मार्कात तक्रार योहानाची आहे. कोणी तरी येशूच्या नावाने भुतं काढतोय, पण 'आपल्या' टोळक्यातला नाही, म्हणून आम्ही त्याला मना केलं. तिथे येशू शिष्यांचा कुंपण घालण्याचा सोस मोडून काढतो.

थोडक्यात, पहिलं वचन स्वतःला लावायचं, दुसरं शेजाऱ्याला. बहुतेक चर्चा फसतात त्या इथेच, कारण लोक नेमकं उलट करतात. लूकमध्ये दोन्ही वाक्यं आहेत, ९:५० आणि ११:२३, म्हणजे एकाच लेखकाला त्यात विसंगती वाटली नाही. गटात ती तिथूनच वाचून घ्या, मत्तय-मार्क अशी पानं उलटत बसावं लागणार नाही.

सातवा_झरा:
दुसऱ्याबद्दल. 'थंड म्हणजे विरोधक' हा अर्थ मला पटत नाही. लावदिकीयाच्या उत्तरेला हेरापलीचे गरम झरे, पूर्वेला कलस्सैचं थंड पाणी. गरमही कामाचं, थंडही कामाचं, कोमट तेवढं टाकाऊ. म्हणजे थंड आणि उष्ण दोन्ही चांगल्या अर्थाने आलेत. हेरापलीचं गरम पाणी नळाने लावदिकीयात येईपर्यंत कोमट व्हायचं, त्यावरून ही उपमा आली.

उलटतपासणी:
शेवटचं वाक्य प्रवचनांतून फार फिरतं, पण ते टिकत नाही. लावदिकीयाचा जलवाहिनीमार्ग दक्षिणेकडच्या झऱ्यांवरून येतो. हेरापली खोऱ्याच्या पलीकडे, उत्तरेला. नळ्यांत साचलेले चुन्याचे थर आजही दिसतात, पण ते पाणी हेरापलीचं नव्हे. 'दोन्ही उपयोगी' हा अर्थ घ्यायला हरकत नाही, नळाची गोष्ट मात्र सांगू नका.

आणि खरी गोम पुढच्या ओळीत आहे, तिकडे कोणी जात नाही. ३:१७ मध्ये कोमटपणाचं लक्षण शंका असं सांगितलेलंच नाही. लक्षण आहे 'मी श्रीमंत आहे, मला कशाची उणीव नाही'. इ. स. ६० च्या भूकंपात हे शहर कोसळलं, तेव्हा रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशावर उभं राहिलं, असं टॅसिटसने नोंदवलंय. तोच स्वभाव मंडळीत शिरला होता. म्हणजे तुमच्या गटातले शंका विचारणारे कोमट नव्हेत. कोमट तो, ज्याला काही विचारायचंच नाही.

पानगळ:
हे उपयोगी आहे. मग शंकेवाल्यांसाठी नेमका कोणता उतारा घ्यायचा? आणि तासाची आखणी कशी करू? मागे अशाच चर्चेत शेवटी हात वर करायला सांगितले होते. सगळ्यांनी केले आणि पुढे काहीच झालं नाही.

तळटीप:
उतारा मार्क ९:२४. मुलाचा बाप म्हणतो, मी विश्वास ठेवतो, माझ्या अविश्वासाला हातभार लावा. हे तुमच्या ९:४० च्याच अध्यायात आहे, सोळा ओवी आधी. त्याला येशूने शंका फेडून मग ये असं सांगितलं नाही, मुलगा बरा केला. जोडीला मत्तय २८:१७. डोंगरावरच्या अकरा शिष्यांपैकी काहींना संशय वाटला, आणि पुढची आज्ञा त्यांच्यासकट सगळ्यांना दिली गेली. यहूदाच्या पत्रात (ओवी २२) संशयितांवर दया करा असंच लिहिलंय.

फरक ओळखण्याची खूण अशी: शंका घेणारा प्रश्न घेऊन जवळ येतो, तटस्थ माणूस उत्तर मिळालं तरी हलत नाही. कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्ट्याने लोकांना विचारलं, परमेश्वर आणि बाल दैवत, किती दिवस दोन्हीकडे लंगडत राहणार? तर १ राजे १८:२१ सांगतं, लोकांनी चकार शब्द काढला नाही. ती गप्प बसण्याची जागा म्हणजे तटस्थता.

हात वर करण्याबद्दल: लूक १४:२५ पाहा. मोठा जमाव मागे चाललाय आणि येशू वळून त्यांना आधी खर्चाचा हिशेब करायला सांगतो. बुरूज बांधणारा बसून हिशेब करतो. दहा हजार घेऊन वीस हजारांशी लढायला निघालेला राजाही आधी बसून विचार करतो. यहोशवा २४:१९ त्याहून कडक. लोक उत्साहाने 'आम्ही परमेश्वराची सेवा करू' म्हणतात आणि यहोशवा म्हणतो, तुमच्याने होणार नाही. भरात दिलेला शब्द दोघांनीही लगेच पदरात घेतलेला नाही.

आखणी अशी करता येईल. पहिली दहा मिनिटं कर्मेल. पंधरा मिनिटं लूकमधली दोन वाक्यं. मग वीस मिनिटं कागद: प्रत्येकाने पैसा, वेळ, नातं, क्षमा, नाव हे पाच शब्द लिहायचे आणि 'प्रभू, बाकी सगळं घे, इथे नको' असं जिथे वाटतं तिथे खूण करायची. कागद कोणी वाचून दाखवायचा नाही, गोळा करायचा नाही. खूण केलेल्यांपैकी एकच निवडायचं आणि त्यापुढे क्रियापद आणि वार लिहायचा. 'सर्वस्व अर्पण' असं कोणी लिहिलं तर परत द्या. ते सगळ्यात सोपं उत्तर आहे, कारण त्यात सोमवारी सकाळी काय करायचं ते नसतं. उरलेली पंधरा मिनिटं मार्क ९ आणि प्रार्थना.

मंडळीच्या कामात गुंतलेले आधी खूण करायला का-कू करतील. त्यांना प्रकटीकरण २:२-४ दाखवा. इफिसच्या मंडळीचे श्रम, धीर, पारख सगळं होतं, पहिली प्रीती तेवढी गेली होती.

सातवा_झरा:
नळाबद्दल उलटतपासणींचं बरोबर आहे, नोंदवून घेतलं.

एक भर. कोणीतरी हमखास विचारेल, मग प्रत्येक वादात बाजू घ्यायची का? नाही. लूक १२:१३-१४ मध्ये वारशाच्या भांडणात येशूने न्याय करायला साफ नकार दिला. यहोशवा ५:१३-१४ तर फारच मार्मिक आहे. यरीहोपाशी यहोशवा तलवारवाल्याला विचारतो, तू आमच्याकडचा की शत्रूकडचा? उत्तर येतं, 'नाही', म्हणजे दोन्हींपैकी कोणाकडचाच नाही.

उलटतपासणी:
बरोबर, पण त्या 'नाही'चा आडोसाही होतो. रोमन सम्राट डेशियसने इ. स. २५० च्या सुमारास सगळ्यांना देवतांना बळी अर्पण करून दाखला घ्यायला लावला. इजिप्तमध्ये तसे चाळीसहून अधिक पपायरस दाखले सापडलेत. काही ख्रिस्ती लोकांनी बळी दिला नाही, पण पैसे चारून दाखला मिळवला. मूर्तीपुढे झुकलोही नाही, तुरुंगातही गेलो नाही! कार्थेजच्या मंडळीने २५१ मध्ये यांना प्रत्यक्ष बळी देणाऱ्यांहून सौम्य वागवलं, पण निर्दोष धरलं नाही. पश्चात्ताप त्यांनाही करावा लागला.

लुथरन मंडळ्यांनी १५७७ मध्ये याचा नियमच केला. वस्त्रं, विधी अशा गोष्टी एरवी ऐच्छिक. पण छळाच्या वेळी शत्रू त्याच सक्तीने लादू लागला आणि त्यावरून विश्वासाची कबुली ठरू लागली, तर तिथे माघार घ्यायची नाही. रोमकरांस १४ मधलं खाण्यापिण्याचं आणि दिवस पाळण्याचं स्वातंत्र्य वाचताना हा अपवाद सोबत ठेवा.

पानगळ:
दाखल्यांचा भाग कर्मेलनंतर पाच मिनिटांत घेतो, कागदाची वेळ पंधरा करून. रात्री येशूकडे आलेल्या निकदेमाला कुठे बसवू?

तळटीप:
वेगळा वेळ देऊ नका, गृहपाठ द्या: योहान ३, मग ७:५०-५१, मग १९:३९. रात्री येणारा, सभेत एक प्रश्न विचारून गप्प होणारा, आणि शेवटी वधस्तंभावरून काढलेल्या देहासाठी सुमारे ३३ किलो गंधरस व अगरू घेऊन येणारा. शेजारी योहान १२:४२-४३ मधले अधिकारी ठेवा. त्यांचाही विश्वास होता, पण सभास्थानातून घालवतील म्हणून ते बोलले नाहीत. दोघांत फरक कुठे पडला, एवढाच प्रश्न द्या.