अनुभव धागा: गावच्या शाळेतून काय मिळतं आणि ते हाती कसं येतं

धागाकर्ती: पाठ्यपुस्तकं, गणवेश, पोषण आहार हे आठवीपर्यंत असतं, सगळ्यांना ठाऊक आहे. गाडं अडतं ते पुढे. कुठला कागद, कोणाची सही, कोणत्या महिन्यात? रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या जाणत्यांनी नेमकं लिहावं. स्वतःची कहाणी नको, कृती हवी.

खळं: सर्वांत जास्त विचारणा जुन्या उताऱ्याची, म्हणजे शाळेच्या जुन्या रजिस्टरातल्या नोंदीच्या नकलेची. चाकरमानी गणपतीला येतो, जातीच्या दाखल्यासाठी आजोबांचा शाळेचा उतारा मागतो, आणि तेव्हा शाळेला सुट्टी. मे महिन्यात तीच गत. अर्ज जून-जुलैत पाठवून ठेवा.

जातीच्या दाखल्याला मानीव तारखेआधीची (त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेआधीची) नोंद लागते: अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. अर्जात आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, वाडी आणि जन्मसालाचा अंदाज पाच वर्षं मागेपुढे धरून लिहा. नुसतं आडनाव देऊन शोधायला सांगू नका. जुन्या रजिस्टरात ते कित्येकदा नसतंच किंवा वेगळं असतं. आजोबांच्या भावाबहिणींची नावंही द्या, रक्ताच्या नात्यातली नोंद चालते, वंशावळ जोडावी लागते. नोंद मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या.

शाळा पट नसल्याने बंद झाली असेल तर रजिस्टर बहुधा समायोजन झालेल्या शाळेत किंवा केंद्रशाळेत (आसपासच्या शाळांच्या गटातल्या मुख्य शाळेत) असतं. आधी केंद्रप्रमुखांना विचारा, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.

पालवी: वरच्याला जोडून. शिकत्या मुलाच्या नावात, जन्मतारखेत चूक असेल तर ते शाळेत असेपर्यंतच दुरुस्त करा. जन्मदाखला जोडून मुख्याध्यापकांकडे अर्ज द्यायचा, तो मंजुरीला शिक्षण विभागाकडे जातो. दहावीचा फॉर्म भरण्याआधी हे उरकलेलं बरं. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर त्याच कामाला फार फेऱ्या पडतात.

चिरेखाण: आंबाबागेतले नेपाळी राखणदार, बंदरावरचे खलाशी, खाणीवर आलेली कर्नाटकातली कुटुंबं, यांच्या मुलांबद्दल. 6 ते 14 वयाच्या मुलाला वयाचा पुरावा नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. 2009 चा शिक्षणहक्क कायदा हे स्पष्ट सांगतो. जन्मदाखला नसेल तर अंगणवाडीची किंवा दवाखान्याची नोंद, तीही नसेल तर पालकांचं वयाचं लेखी घोषणापत्र चालतं. वर्ग वयाप्रमाणे द्यायचा. नऊ वर्षांच्या पोराला मराठी येत नाही म्हणून पहिलीत बसवणं चूक, त्याला वरच्या वर्गात घेऊन वेगळं शिकवायचं असतं.

मुख्याध्यापक का कचरतात तेही सांगतो. आधार जुळलं नाही तर तो विद्यार्थी संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्या मोजणीत) धरला जात नाही आणि शिक्षकाचं पद धोक्यात येतं. अडचण खरी, पण नकाराला ती पुरत नाही. लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

मोसम संपून कुटुंब हलताना शाळेकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यायचं. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांनाही तेच लागू. पुढच्या शाळेत ते दाखवलं की मूल कोणत्या वर्गातून आलं, कुठवर शिकलं, ते कळतं.

साकव: एसटीचा पास. पाचवी ते बारावीच्या मुलींना मोफत, मुलांना भाड्याच्या एक तृतीयांश. गाडीची वेळ जुळत नसेल तर तोंडी तक्रारीने काही हलत नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि थांब्यानुसार विद्यार्थ्यांची यादी आगारप्रमुखांना द्या. यादी महत्त्वाची, तिच्यावरून फेरी परवडते का ते ठरतं. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे ‘सर बघतील’ म्हणून थांबू नये.

भरतीओहोटी: आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा. शासकीय, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणारा, सातवीत 55 टक्के, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. प्रत्येकी नव्वद प्रश्नांचे दोन पेपर, एक बुद्धिमत्तेचा, एक शालेय विषयांचा. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये.

पैसे परीक्षेनंतरच अडकतात. निवड झाल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर मुदतीत नोंदणी, आणि दरवर्षी नूतनीकरण. बँक खातं विद्यार्थ्याचं आणि आधारशी जोडलेलं हवं. आधारवर ‘सुरज’, बँकेत ‘सूरज’, एवढ्यानेही अर्ज परत येतो. दहावीत 60 टक्के नसतील तर अकरावीपासून बंद (अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के सवलत). दहावीनंतर महाविद्यालय बदलतं, नवं महाविद्यालय पडताळणी करत नाही, आणि हप्ता तिथेच राहतो. प्रवेश घेतानाच तिथल्या कारकुनाला सांगून ठेवा.

खळं: आणखी एक. दिव्यांग मुलासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र काढा. बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. दहावीला लेखनिक आणि तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, पण अर्ज शाळेमार्फत, परीक्षेच्या बराच आधी. घराबाहेर पडताच येत नसेल तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या (शिक्षण विभागाचं केंद्र) विशेष शिक्षकांना घरी येऊन शिकवण्याबद्दल विचारा.

पालवी: पोषण आहाराचं राहिलंच. पहिली ते पाचवी रोज 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवी 150. डाळ 20 आणि 30 ग्रॅम. चव नोंदवही असते, कोणीही पालक जाऊन चाखून त्यात लिहू शकतो. आषाढ-श्रावणात तांदळाची पोती जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवलेली दिसली तर तेही लिहा. ओल धरली की किडे होतात.