फॉर्मवरच्या चाचणीचे गुण शीटमध्ये नीट कसे आणायचे? आणि त्यातून कळतं तरी काय?

फळा_खडू
सातवीच्या दोन तुकड्या, मिळून ८४ मुलं. गणिताच्या प्रत्येक घटकानंतर गूगल फॉर्मवर १० प्रश्नांची चाचणी घेतो. प्रतिसादांच्या गूगल शीटमध्ये कॉलम पुढेमागे करून व्हीलूकअप (यादीत शोधून त्यासमोरची माहिती आणणारं सूत्र) लावलं, तर काही मुलांसमोर दुसऱ्याचेच गुण येतात. गैरहजर मुलांना शून्य पडतं, मग सरासरी घसरते. टाइप करायच्या प्रश्नांत बरोबर उत्तरंही चूक धरली जातात. आणि मुख्य म्हणजे, १० पैकी ६ पडले म्हणजे नेमकं काय येत नाही, ते हाती लागत नाही.

शीटवाली
सर, आधी एक पथ्य: फॉर्मला जोडलेल्या शीटला हात लावायचा नाही. कॉलम सरकवणं नाही, सॉर्ट नाही, शेजारी सूत्रं नाहीत. प्रत्येक नवा प्रतिसाद स्वतःची नवी ओळ घालतो, त्यामुळे शेजारचं सूत्र त्या ओळीत उतरत नाही. सगळं काम वेगळ्या टॅबवर करा.

दुसऱ्याचे गुण येतात कारण व्हीलूकअपच्या कंसातली चौथी जागा रिकामी ठेवली की ते ‘जवळपास जुळणारं’ शोधतं. शिवाय त्या शीटमध्ये स्कोअरचा कॉलम हजेरी क्रमांकाच्या डावीकडे असतो आणि व्हीलूकअपला डावीकडचं आणता येत नाही. त्याऐवजी एक्सलूकअप हे सूत्र वापरा. ते मुळातच तंतोतंत जुळवतं, डावी-उजवी बघत नाही, आणि चौथ्या जागी ‘गै’ लिहिलं की न सापडलेल्या मुलापुढे शून्याऐवजी तेच येतं. ॲव्हरेज हे सूत्र मजकूर वगळून सरासरी काढतं. मात्र दोन चाचण्या अधिकच्या चिन्हाने जोडल्यात तर ‘गै’मुळे एरर येईल, तिथे सम (SUM) हे बेरजेचं सूत्र वापरा.

एकाच मुलाने दोनदा भरलं असेल तर एक्सलूकअप पहिला प्रतिसाद उचलतं. शेवटचा हवा असेल तर सहाव्या जागी उणे एक. माझ्या मते पहिलाच धरावा, आणि गुण लगेच न दाखवता ‘नंतर, तपासून’ हा पर्याय निवडावा. नाहीतर दुसऱ्या खेपेला उत्तरं बघूनच भरली जातात.

हजेरी क्रमांक टाइप करून घेऊ नका, ड्रॉपडाउन द्या. तोही ‘अ०५’, ‘ब१७’ असा अक्षराने सुरू होणारा. ‘7-5’ असं काही ठेवलंत तर शीट त्याची तारीख करून बसेल.

अंकगणिती
टाइप करायच्या उत्तरांबद्दल: फॉर्म अर्थ बघत नाही, अक्षरं जुळवतो. त्याच्या लेखी 4 आणि ४ वेगळे, आणि उणे चिन्ह व हायफनही वेगळे. उत्तरसूचीत अंक आणि चिन्ह यांच्या जोड्यांची चारही रूपं घाला, किंवा प्रश्नातच ‘इंग्रजी अंक वापरा’ लिहून रिस्पॉन्स व्हॅलिडेशनची (ठरावीक प्रकारचंच उत्तर स्वीकारायची) अट लावा.

आता मुख्य मुद्दा. प्रतिसादांच्या शीटमध्ये मुलाने निवडलेलं उत्तर असतं, बरोबर की चूक ते नसतं. एका टॅबवर त्याच क्रमाने बरोबर उत्तरांची ओळ करा, दुसऱ्या टॅबवर इफ लावून जुळलं तर १, नाही तर ०. कॉलमची सरासरी म्हणजे प्रश्नाची सुलभता, किती मुलांना तो आला त्याचं प्रमाण. साधारण ०.३ ते ०.८ मध्ये असली तर प्रश्न कामाचा.

मग प्रश्न येणाऱ्या आणि न येणाऱ्या मुलांत फरक करतो का ते बघायला एकूण गुणांनुसार वरची २७ टक्के आणि खालची २७ टक्के मुलं घ्या. ८४ जण हजर असतील तर २३-२३. समजा एक प्रश्न वरच्यांपैकी २० आणि खालच्यांपैकी ८ जणांना आला, तर फरक १२ भागिले २३, म्हणजे ०.५२. उत्तम. ०.२ च्या खाली गेला तर प्रश्न सुधारायला घ्या. वरच्यांपैकी ९ आणि खालच्यांपैकी १४ आले तर उत्तर उणे येतं. अशा वेळी मुलांना बोल लावण्याआधी उत्तरसूची तपासा, बहुतेकदा तिथेच चूक असते.

पर्याय मात्र विचारपूर्वक हवेत. (−१२) ÷ (−३) साठी ४ च्या जोडीला −४, −१५ आणि ३६ ठेवा. −४ निवडणाऱ्याचं चिन्ह चुकलं, −१५ वाल्याने बेरीज केली, ३६ वाल्याने गुणाकार. काउंटइफने प्रत्येक पर्याय किती जणांनी निवडला ते मोजलंत की उद्या वर्गात काय परत घ्यायचं ते समोर येतं. ‘यापैकी नाही’ हा पर्याय यातलं काहीच सांगत नाही. चार पर्यायांच्या १० प्रश्नांत नुसत्या अंदाजानेही सरासरी अडीच गुण पडतात, हेही ध्यानात ठेवा.

नोंदवही
वरचं सगळं मान्य, पण हे गुण थेट आकारिकमध्ये (वर्गात सतत चालणाऱ्या मूल्यमापनात) ओतू नका. सातवीला आकारिक ४० गुण, संकलित (सत्राअखेरचं मूल्यमापन) ६०. आणि त्या ४० मध्येही चाचणी हे एकच तंत्र आहे. तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय यांना स्वतंत्र कॉलम हवेत.

श्रेणीसाठी मात्र व्हीलूकअपचं ‘जवळपास’च हवं, म्हणजे चौथ्या जागी ट्रू. तक्ता चढत्या क्रमाने, आधी १०० पैकी किमान गुण आणि मग श्रेणी: ० इ-२, २१ इ-१, ३३ ड, ४१ क-२, ५१ क-१, ६१ ब-२, ७१ ब-१, ८१ अ-२, ९१ अ-१. आधी राउंड करा, नाहीतर ४०.६ वाला मुलगा ‘ड’मध्येच अडकतो.

फळा_खडू
एक्सलूकअप चाललं, धन्यवाद. पण काही घरांत दोन भावंडांत एकच फोन आहे. ‘एकच प्रतिसाद’ची अट ठेवू का?

शीटवाली
नको. त्या अटीला गूगल खातं लागतं, मग त्याच खात्यावरून दुसरं भावंड अडकतं. अट काढा आणि हजेरी क्रमांकावर काउंटइफ लावून एकापेक्षा जास्त वेळा आलेले क्रमांक रंगवा. फॉर्मच्या सेटिंगमध्ये निकालांचा सारांश दाखवायचा पर्याय बंद आहे ना, तेही बघा. चालू असेल तर भरणाऱ्याला सगळ्या वर्गाची उत्तरं दिसतात. पालकांच्या ग्रुपवर अख्खी शीट टाकू नका. टॅब लपवला तरी शीटची प्रत काढणाऱ्याला तो उघडता येतो.

अंकगणिती
मुलांकडे फोनच नसतील तर प्लिकर्स हे ॲप बघा. ४० कार्डांचा संच छापायचा, मूल कार्ड फिरवून अ, ब, क, ड दाखवतं, आणि एका फोनच्या कॅमेऱ्यात सगळा वर्ग टिपता येतो. कार्डांना लॅमिनेशन करायचं तर मॅट करा, चकचकीत कागदावर उजेड पडला की कॅमेरा कार्ड वाचत नाही.