मदत हवी आहे: शिकारीच्या मांसात गोळीचे कण, वहिनी गरोदर आहे

नमस्कार. मी डिचोलीची. भाऊ-वहिनी चार वर्षांपासून पोर्तुगालला आलेंतेजू भागात आहेत. तिथे परवाना काढून रानडुकराची शिकार करता येते. शेजारचे आजोबा मोसमात शिकारीला जातात आणि दरवेळी मायेने पाच-सहा किलो मांस आणून देतात. वहिनी त्याची शाकुती करते, नाहीतर व्हिनेगर घालून विंदालू. (आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद, त्यामुळे इथे विचारावं तरी कुणाला?)

परवा भाऊ फोनवर सहज बोलून गेला, जेवताना दाताखाली करडा, मऊसा कण आला. शिसंच ते! वहिनीला चौथा महिना, भाची तीन वर्षांची. तेव्हापासून जिवाला थारा नाही.

शोधलं तर कळलं की शिशाची रायफलची गोळी आत शिरताच फुटते आणि तिचे बारीक कण जखमेपासून लांबवर जातात. २००९ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात ३० हरणांच्या खिम्याची २३४ पाकिटं एक्स-रेखाली ठेवली, तर ३२ टक्के पाकिटांत धातूचे कण निघाले. मांस खाटकांनी नेहमीसारखंच साफ केलेलं होतं.

फ्रीझरमध्ये अजून चार किलो आहे. टाकून द्यायचं का? धुऊन, नीट शिजवून चालेल? आणि वहिनीने आतापर्यंत खाल्लं त्याचं काय?

प्रतिसाद

ताई, मी फोंड्याला लॅबमध्ये काम करतो. शिसं शिजवून जात नाही. धुतल्यानेही नाही, उलट कण इकडेतिकडे पसरतात. आंबट रश्शात तर ते जास्त विरघळतं, म्हणजे विंदालू सगळ्यात वाईट. वहिनी आणि भाचीला यापुढे हे मांस देऊच नका. शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतं, म्हणून गरोदर बाई आणि लहान मुलांनी शिशाच्या गोळीने मारलेली शिकार टाळावी असं जर्मनीची सरकारी संस्थाही सांगते. फ्रीझरमधलं मांस तर टाकाच.

दोघींच्या रक्तातलं शिशाचं प्रमाण तपासून घ्या, साधी रक्ततपासणी आहे. वहिनीने डॉक्टरांना हे स्वतःहून सांगावं, नाहीतर ते विचारणार नाहीत. लोह आणि कॅल्शियम कमी पडू देऊ नका. ते कमी असलं की शरीर शिसं जास्त शोषतं. शेजाऱ्यांना तांब्याची गोळी वापरता येते का, तेही विचारा. ती सहसा अशी चुरत नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार. आत्ताच फोन केला, भाऊ ते मांस टाकतोय. वहिनीला मात्र आजोबांना कसं सांगावं कळत नाही, ते म्हातारे एकटेच असतात. पोर्तुगालमधलं कुणी इथे असेल तर सांगा, ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते की खासगी लॅबमध्ये जावं लागतं?