मदत हवी आहे: अटल सेतूवर न गेलेल्या स्कूटर सेतूवर दिसतात

मांडवीकाठ: पणजीत आमच्या भाड्याच्या २२ विजेच्या स्कूटर आहेत. इथल्या मांडवी नदीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी असल्यामुळे आम्ही नकाशावर त्या पुलाभोवती निषिद्ध क्षेत्र आखले आहे. मात्र नदीपलीकडच्या पर्वरीला निघालेला ग्राहक शेजारच्या जुन्या मांडवी पुलावरून गेला तरी तो सेतूवर गेल्याची नोंद होते आणि दंड त्याच्या ठेवीतून आपोआप कापला जातो. गाडीचे स्थान कळवणारी यंत्रे पुरवणारी कंपनी फोन उचलत नाही. शनिवारपूर्वी उपाय हवा आहे.

नकाशावेडा: यंत्र किती सेकंदांनी स्थान पाठवते, ते गाडीत कुठे बसवले आहे आणि क्षेत्राची कड पुलापासून किती दूर आहे, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

पर्वरीवाला: प्रश्न यंत्राचा नसून पर्यटकांचा आहे. पणजीतल्या फोंताईन्यासच्या गल्लीत माझ्या मावशीच्या दारासमोर रोज तीन भाड्याच्या गाड्या आडव्या लावलेल्या असतात. त्यावर आधी बोला.

मांडवीकाठ: ती तक्रार रास्त आहे, परंतु माझा प्रश्न पुलाचा आहे. यंत्र सीटखाली, लोखंडी पेटीत आहे. स्थान दर ३० सेकंदांनी येते. कड पुलाच्या दोन्ही बाजूंना २५ मीटर ठेवली आहे.

नकाशावेडा: मग यात नवल ते काय? अटल सेतू दोन जुन्या पुलांच्या मधून जातो, म्हणजे तुमच्या २५ मीटरांत शेजारच्या पुलाचाही भाग येत असणार. उघड्या आकाशाखाली साध्या जीपीएसची चूक पाच-एक मीटरची असते, पण इथे वरचा सेतू आकाशाचा एक भाग झाकतो आणि काँक्रीटवर आपटून आलेले संकेत स्थान बाजूला ढकलतात. शिवाय ताशी ५० किलोमीटर वेगाने ३० सेकंदांत गाडी चारशे मीटरांहून पुढे जाते, त्यामुळे एखाद्या चुकीच्या बिंदूला खोटे पाडणारा दुसरा बिंदू आसपास मिळतच नाही.

उपग्रहप्रेमी: नाविक, म्हणजे भारताच्या स्वतःच्या दिशादर्शक उपग्रहांचे संकेत घेणारे यंत्र बसवा, त्यांच्या एल-५ या वारंवारता-पट्ट्यावरचे संकेत परावर्तनाला कमी फसतात. नाहीतर उंची तपासा. सेतू बराच उंचावर आहे.

नकाशावेडा: उंचीवर विसंबणे धोक्याचे आहे. उपग्रहांवरून काढलेल्या उंचीतील चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते. शिवाय यंत्र उंची समुद्रसपाटीपासून मोजते की पृथ्वीच्या गणिती आकारापासून, हे न पाहिल्यास आपल्या किनाऱ्यावर समुद्रसपाटीला उभी असलेली गाडीही शून्याच्या कितीतरी खाली दिसेल. नाविक चांगले आहे, पण शनिवारपर्यंत २२ यंत्रे बदलणार कोण?

पायलटचा_मुलगा: दंडाखेरीज गाडीला आणखी काही होते का? परवा जुन्या पुलावर माझ्यापुढची एक स्कूटर एकाएकी मंदावली आणि मागच्या बसने कचकन ब्रेक दाबला.

मांडवीकाठ: होय, निषिद्ध क्षेत्रात शिरताच वेग आपोआप ताशी १५ किलोमीटरवर येतो. ते इतके उघड वाटले की लिहिण्याचे राहून गेले.

पायलटचा_मुलगा: तर शनिवारची वाट न पाहता ते आज रात्रीच बंद करा. माझे वडील अठरा वर्षे पायलट म्हणून, म्हणजे भाड्याने प्रवासी नेणारी दुचाकी, पणजीत चालवतात. भर पुलावर गाडीचा वेग दुसऱ्याच्या हाती असणे म्हणजे काय, ते त्यांना विचारा.

नकाशावेडा: सहमत. आता पुलावरचे क्षेत्रच काढून टाका. सेतूचे चढणमार्ग जिथे जुन्या रस्त्यापासून स्पष्ट वेगळे होतात, तिथे पर्वरीकडे आणि पणजी-मेरशीकडे छोटी ‘दारे’ आखा. दाराजवळ स्थान दर दोन-तीन सेकंदांनी मागवा, सलग तीन बिंदू दारात पडले तरच नोंद धरा, आणि दंड माणसाने पाहिल्यावरच कापा. यंत्रही लोखंडी पेटीतून काढून प्लास्टिकच्या आवरणाखाली, आकाशाकडे तोंड करून बसवा.

उपग्रहप्रेमी: बॅटरी लवकर उतरेल.

नकाशावेडा: दारापुरतीच वारंवारता वाढवायची आहे, दिवसभर नव्हे.

मांडवीकाठ: वेग कमी करणे काल रात्री बंद केले आणि कापलेले दंड परत पाठवले. आज एका स्कूटरचे यंत्र बाहेर काढून मी स्वतः जुन्या पुलावरून चार फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत एक बिंदू सेतूवर पडला, पण दारात एकही नाही. मेरशीकडचे दार आखताना मात्र अडचण आली आहे, तिथे चढणमार्ग आणि खालचा रस्ता बराच वेळ लगत धावतात. तो तुकडा कोणी पायी पाहिला आहे का?