मदत हवी आहे : पिल्लाच्या एफआयपीचा खर्च कसा भागवावा?

मंडळी, डोंबिवलीहून लिहितेय. आमच्या चिंगीला (वय पाच महिने, वजन जेमतेम दीड किलो) एफआयपी (फेलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिस, म्हणजे मांजरांना होणारा एक जीवघेणा आजार) झालाय. पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. पाणी काढलं तर पिवळसर, चिकट निघालं. कोरोनाव्हायरसचाच प्रकार, पण माणसांचा नव्हे, मांजरांचा. त्यामुळे शेजाऱ्यांनी उगाच घाबरू नये. काही वर्षांपूर्वीपर्यंत यावर इलाजच नव्हता. आता जीएस-४४१५२४ या औषधाने बरीच मांजरं वाचतात.

अडचण पैशांची आहे. कोर्स ८४ दिवसांचा आणि डोस वजनावर. म्हणजे बाईसाहेब बऱ्या होऊन जाड झाल्या की खर्चही वाढणार! वर रक्ततपासण्या, सोनोग्राफी वेगळ्याच. घरी एकच पगार आहे आणि आई म्हणते, "मांजरासाठी कर्ज काढतं का कोणी?" मी काढेनही, पण आधी विचारून बघते.

पोटात पाणी झालेल्या मांजरांमध्ये ४२ दिवसांचा कोर्सही तितकाच चालतो असा २०२४ चा जर्मन अभ्यास वाचला. तुमच्यापैकी कोणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली तसं केलंय का? कोर्स संपून उरलेल्या गोळ्या कोणाकडे आहेत का? असल्या तर विकत घेईन, फक्त एक्स्पायरी आणि स्ट्रेंथ कळवा. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात तपासण्या स्वस्तात होतात का? क्राउडफंडिंगचा अनुभव असेल तर तोही सांगा. लोक बिलं मागतात, ती सगळी दाखवायची माझी तयारी आहे.

"दुसरं पिल्लू आण" हा सल्ला कृपया नको.